तांदळातले टमाटे

"यंदा संवत्सरीच्या पारण्याले आपल्या जैन समाजाची जी पंगत बसते ना, तिच्या कढईत माह्या वाडीतले टमाटे पडतीन. बाजारातला एक टमाटा जर त्यात दिसला, तर कैलासचंद नाव लावणार नाई."

कामरगावच्या भर बाजारात, स्वतःच्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभं राहून कैलासचंद शेठनी हे जाहीर केलं. त्यावेळी त्यांच्या वाडीत टमाट्याचं एक रोपही नव्हतं. वाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथं एक तुळस होती, कपडे वाळत घालायची तार होती आणि तेलाचे रिकामे डबे होते. शेठनी जन्मभरात मातीला हात लावला असेल तो फक्त पाय घसरून पडल्यावर.

मग एवढी मोठी गोष्ट बोलायची गरज काय होती? गरज होती. शेठची गादी गेली होती.

उभा जन्म दुकानाच्या गादीवर गेलेला माणूस. गिऱ्हाईक पावशेर जिरं घ्यायला यायचं आणि घंटाभर बसायचं. शेठ त्याला पाऊस, सोयाबीन, जावई, गुडघेदुखी असं सगळं विचारायचे, आणि शेवटी जिरं द्यायचं राहून जायचं. हेही चाललं असतं. पण महाशिवरात्रीला भुरीबाई भगर घ्यायला आली. तिच्या नातवाच्या सोयरिकीची चौकशी करता करता शेठनी तिला रवा बांधून दिला. भुरीबाईला कमी दिसतं. तिनं तो शिजवला, मन लावून खाल्ला, आणि "यंदाची भगर लय मोकळी झाली" असं शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं ताट पाहिलं. दुसऱ्या दिवशी भुरीबाईनं दुकानासमोर उभं राहून जे काही म्हटलं, ते अजून गावाच्या तोंडपाठ आहे.

त्याच संध्याकाळी पियूषनं, म्हणजे शेठच्या मुलानं, हात जोडले. "बाबूजी, आता तुमी आराम करा. दुकान मी पाह्यतो."

आराम हा शब्द शेठला शिवीसारखा लागला. उन्हाळाभर ते घरात इकडून तिकडे फिरले. प्रेमाबाईला, म्हणजे बायकोला, डाळ कशी निवडायची ते शिकवून पाहिलं. प्रेमाबाईनं सूप त्यांच्या हातात दिलं आणि ती देवळात निघून गेली. शेवटी एका बाजाराच्या दिवशी शेठ पायरीवर उभे राहिले, जीभ सुटली आणि वरची प्रतिज्ञा होऊन बसली.

पियूष आतून हसला. चार लोक ऐकत होते म्हणून तोही बोलून गेला, "बाबूजी, पंगत जेवन एवढे टमाटे काढून दाखवा. सकाळची गादी तुमची."

झालं. आता टमाटे यायलाच हवे होते.

रोपं जगदेवनं आणून दिली. जगदेव म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारी, सोयाबीन-तुरीचा कास्तकार. त्यानं रोपं दिली आणि भिंतीवर कोपर टेकून मजा पाहत उभा राहिला. शेठनी कुदळ उचलली, एकदा मारली, आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ आभाळाकडे पाहिलं.

"काय पाह्यता शेठजी?"

"पावसाचा अंदाज घेऊन राह्यलो."

"कुदळीचा बी घ्या थोडा," जगदेव म्हणाला. मग तोच भिंत ओलांडून आला आणि वाफे करून दिले.

खताचं मात्र शेठनी कोणाला विचारलं नाही. दुकानात सरकीची ढेप, म्हणजे पेंड, होती. गाय ढेप खाऊन दूध देते, मग झाडानं काय घोडं मारलं, असा त्यांचा हिशोब. गायीला देतात तेवढी ढेप त्यांनी झाडांना घातली. झाडं अशी माजली की काही विचारू नका. कमरेएवढी झाली, छातीएवढी झाली, कपड्यांच्या तारेवर चढली. पानंच पानं. फूल औषधालासुद्धा नाही.

जगदेवनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. "शेठजी, हे टमाटे नाई, मांडव हाय. याच्याखाली कोणाचं लग्न लावून टाका."

ढेप बंद झाली. शेठ रोज सकाळी झाडांपाशी खुर्ची टाकून बसू लागले. दुसरं गिऱ्हाईक होतं कुठं? पाऊस, सोयाबीन, जावई, गुडघेदुखी, सगळं ते झाडांना सांगायचे. झाडं मान हलवायची. ती वाऱ्यानं हलते हे शेठला कळत होतं, पण बरं वाटायचं. मग एक दिवस पिवळी फुलं दिसली आणि शेठ धावत स्वयंपाकघरात गेले. "प्रेमा, आले," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. कधी नव्हे ते दुसरा शब्द सुचला नाही.

फुलामागे फळं आली आणि फळांमागे अळ्या आल्या.

आता आली पंचाईत. फवारणी करावी तर जीवहत्या. न करावी तर गादी जाते. शेठनी मधला रस्ता काढला. एक स्टीलची ताटली घेतली, एक जुनं पोस्टकार्ड घेतलं. पोस्टकार्डानं अळी हळूच उचलायची, ताटलीत ठेवायची, आणि सगळ्या अळ्या भिंतीपलीकडे सोडून द्यायच्या. भिंतीपलीकडे जगदेवच्या बायकोची, विजयमालाची, वांगी होती. शेठच्या घरात वांगं चालत नाही. त्यामुळं वांगं हे मुळात अळ्यांसाठीच असतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. रोज सकाळी ते ताटली भिंतीवरून उपडी करायचे, वर हात जोडायचे, आणि एक जीव वाचवल्याचं समाधान घेऊन चहाला यायचे.

नवल असं की कितीही सोडल्या तरी दुसऱ्या दिवशी झाडावर तेवढ्याच अळ्या. "याइचा वंश लय मोठा दिसते," शेठ म्हणायचे.

तरीही टमाटे धरले. भरपूर धरले. पण हिरवेगार आणि टणक. पर्युषण चार-दोन दिवसांवर आलं तरी एक टमाटा लाल व्हायला तयार नाही.

पर्युषणाचे आठ दिवस शेठच्या घरात हिरवी भाजी येत नाही. झाडाचं पान तोडायचं नाही, फळ खुडायचं नाही. आठवा दिवस संवत्सरीचा आणि मग पारणं, मग पंगत. प्रेमाबाईनं पर्युषणाच्या आदल्या दिवशी सकाळीच ठणकावलं.

"उद्यापासून वाडीत पाय ठेवायचा नाई. तोडायचे असतीन तं आजच तोडा."

"अवं, पण हिरवे हायेत अजून."

"मग राहू द्या झाडावर. आठ दिवसांनी खारी खातीन."

"तोडून घरात पिकवले तं?"

"घरात हिरवं नको. सांगून ठेवते."

एका बाजूला धर्म, एका बाजूला गादी. शेठनी टोपलं घेतलं आणि दिवस बुडायच्या आत सगळी झाडं रिकामी केली. मग टोपलं उचलून कुठं जायचं हा विचार करत उभे राहिले. तेव्हा त्यांना आठवलं की उन्हाळ्यात प्रेमाबाई कच्चे आंबे तांदळाच्या डब्यात पुरते आणि ते पाच-सहा दिवसांत पिकतात. तांदूळ म्हटलं की दुकानाचं गोदाम आलं. तांदूळ काही हिरवा नाही, आणि गोदाम काही घर नाही.

पियूष जेवायला गेला होता. शेठनी गोदामातला तांदळाचा एक कट्टा, म्हणजे लहान पोतं, उसवलं. अर्धा तांदूळ काढला आणि थर लावले. एक थर तांदूळ, एक थर टमाटे, पुन्हा तांदूळ. हात कसे झरझर चालत होते. दाभणात सुतळी ओवून त्यांनी कट्ट्याचं तोंड जसंच्या तसं शिवलं. ओळख पटावी म्हणून गल्ल्यातल्या कुंकवानं त्यावर छोटा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला आणि कट्टा सगळ्यांच्या मागे, भिंतीशी लावून ठेवला. पियूषला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो "दुकानात हे धंदे नको" म्हणाला असता. आणि दुसरं म्हणजे पारण्याच्या दिवशी सगळ्यांसमोर कट्टा उघडायचा, लालभडक टमाटे बाहेर काढायचे आणि पियूषकडे नुसतं पाहायचं, हे शेठनी मनात कितीदा तरी करून पाहिलं होतं.

पर्युषण सुरू झालं. मधे पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावच्या महादेवाच्या देवळात श्रावण संपल्याचा भंडारा असतो. नेमका तोच दिवस इकडं उपाश्रयात, म्हणजे समाजाच्या प्रवचनाच्या जागी, भगवंताच्या जन्मवाचनाचा. त्या दिवसासाठी प्रेमाबाईनं नवऱ्याला एक नेम घ्यायला लावला होता. दिवसभर मौन.

"आठ दिवस उपास करणं तुमाले झेपत नाई. एक दिवस तोंड तं बंद ठेवा. आन लिहूनबी बोलायचं नाई."

ती शेवटची अट अनुभवातून आली होती. मागच्या सालच्या मौनात शेठ नातीची पाटी घेऊन बसले होते आणि संध्याकाळपर्यंत खडूची पेटी संपली होती.

तर त्या सकाळी शेठ उपाश्रयातून परतले, मुक्यानं दुकानाशी आले, आणि पाहतात तर काय, दारात जगदेवचा ऑटो उभा. पियूष आणि जगदेव दोघं मिळून एक तांदळाचा कट्टा बाहेर आणत होते. कट्ट्यावर कुंकवाचा साथिया. पोळ्याच्या गर्दीत पुढचे कट्टे विकले गेले होते आणि मागचा पुढं आला होता.

शेठ ओरडणार होते. तोंड उघडलं आणि मिटलं. भगवंताचा जन्मदिवस, घेतलेला नेम, आणि समोर घराच्या खिडकीत प्रेमाबाई. ते धावत गेले आणि कट्ट्याला मिठी मारली.

"राहू द्या शेठजी, तुमी उपासाचे," जगदेव म्हणाला. "भंडाऱ्याचा तांदूळ हाय. मी उचलतो."

शेठनी दोन्ही हातांनी गोल करून दाखवला.

"लाडू," पियूष म्हणाला. "लाडू बी करा म्हणतात भंडाऱ्यात."

शेठनी जोरात मान हलवली. लाल रंग दाखवावा म्हणून जगदेवच्या कपाळावरच्या गंधाकडे बोट केलं.

"टिळा लावा म्हणतात. बरोबर हाय, देवाचं काम हाय," म्हणून पियूषनं कुंकू आणलं आणि जगदेवला, ऑटोला आणि कट्ट्याला टिळा लावला.

शेठनी कपाळावर हात मारून घेतला.

"पित्त झालं वाटते बाबूजीले."

आता शेवटचा उपाय. शेठनी कट्ट्यावर हात ठेवला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. कट्टा, छाती. कट्टा, छाती. हा माझा आहे, माझा, माझा.

जगदेव एकदम थांबला. त्याचा चेहरा बदलला. "पियूषभाऊ, शेठजी म्हणून राह्यले का हा कट्टा माह्याकडून. भंडाऱ्याले दान." त्यानं वाकून शेठच्या पायाला हात लावला. रस्त्यावरच्या दोघाचौघांनीही लावला. पियूषचा चेहरा पडला, पण चार लोकांसमोर बापाचं दान परत कसं घ्यायचं?

खिडकीतून प्रेमाबाई म्हणाली, "चांगलं केलं. पण मौन मोडू नका हं."

ऑटो गेला. शेठ त्याच्यामागे चालत गेले.

देवळात वेगळाच घोळ सुरू होता. रोडगे भाजले जात होते, वरण उकळत होतं, पण भाजीचं गणित बिघडलं होतं. वांगी विजयमाला देणार होती. तिचा दरवर्षीचा नेमच होता. आणि यंदा तिच्या टोपल्यात निम्मीच वांगी होती, तीही भोकांची. ती बायकांमध्ये मान खाली घालून बसली होती. "एवढं जपलं वो, पण अळ्याइनं काही ठेवलं नाई," ती म्हणत होती. शेठ देवळाच्या खांबाआड झाले. आपल्या ताटलीतल्या एकेका अळीचं तोंड त्यांना आठवलं.

तेवढ्यात जगदेवनं सुतळी ओढली आणि कट्टा मोठ्या परातीत उपडा केला. तांदूळ पडला. तांदळाबरोबर टमाटे पडले. काही लाल, काही केशरी, पण एकही हिरवा नाही. टणाटण परातीतून उड्या मारून ते देवळाच्या फरशीवर घरंगळत गेले, आणि एक थेट नंदीच्या पायाशी जाऊन थांबला.

पहिले हात जोडले ते भुरीबाईनं.

"महादेवा, तांदळात भेदरं पिकवले रे बाप्पा." टमाट्याला ती भेदरंच म्हणते.

"महादेवानं नाई वो," जगदेव म्हणाला, "शेठजीच्या वाडीतले टमाटे हायेत हे. मी रोज भिंतीवरून पाह्यत होतो." मग तो सगळ्यांकडे वळला. "पाहा. बोलले नाई, सांगतलं नाई. तांदळात लपवून देले. दान असं करा लागते."

पुढं काय सांगू? टमाटे चिरले गेले. वांग्यात पडले, वरणातही पडले. वास असा सुटला की रस्त्यानं जाणारी एसटीसुद्धा हळू झाली असं लोक म्हणतात. सारं गाव जेवलं. ज्याला त्याला भाजी दुसऱ्यांदा हवी होती. जगदेवनं पहिलं पान शेठसमोर आणून ठेवलं. टमाट्याची एक लालचुटूक फोड रश्श्यावर तरंगत होती. पिकवणाऱ्याला ती खाता येत नव्हती, आणि का खाता येत नाही तेही सांगता येत नव्हतं. शेठनी पानाला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. बायका म्हणाल्या, किती भाव आहे माणसाचा.

त्या रात्री मौन सुटल्यावरही शेठ बोलले नाहीत. प्रेमाबाई घाबरली. तिनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

संवत्सरीला वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची असते. घरच्यांची मागायची, शेजाऱ्यांची मागायची. शेठ आधी भिंतीपलीकडे गेले. हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम. जगदेवराव, मी दान देलं नव्हतं. कट्टा नेऊ नका, हे सांगून राह्यलो होतो."

जगदेव हसला. "मले शंका आलतीच. दान देणारा माणूस एवढा रडत नाई."

"आन वहिनी, तुमची वांगी..." शेठचा आवाज खाली गेला. "त्या अळ्या माह्या होत्या. रोज सकाळी मीच ताटलीतून इकडं सोडत होतो."

विजयमालानं पदर तोंडाला लावला. शेठला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"मले ठाव होतं शेठजी. न्हाणीतून सारं दिसे. मी रोज सांजच्याले त्याच अळ्या सुपात भरून तुमच्या टमाट्यावर टाकत होती."

म्हणजे वंश मोठा वगैरे काही नव्हता. अळ्या त्याच होत्या, सकाळचा नाश्ता पलीकडे आणि रात्रीचं जेवण अलीकडे. विजयमालानं हात जोडले. "आता मले बी माफी द्या." दोघांनी एकमेकांना माफ केलं. अळ्यांची माफी कोणी मागायची हे ठरलं नाही.

मग शेठ पियूषसमोर उभे राहिले. हे जास्त अवघड होतं. "बेटा, मिच्छामि दुक्कडम. तुह्या गोदामात मी टमाटे लपवले. तांदळाच्या नावानं टमाटे गेले. महाशिवरात्रीले भगरीच्या नावानं रवा गेलता, तसंच झालं. तू मले उठवलं ते बरोबर होतं." गादी गेली ती गेलीच, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं होतं.

पियूष म्हणाला, "बाबूजी, मी म्हटलं होतं पंगत जेवन एवढे टमाटे काढा. पंगत तं जेवली. समाजाची नाई, साऱ्या गावाची जेवली." मग तो वळला. "उद्या सकाळी गादीवर बसा."

समाजाच्या पंगतीला दुसऱ्या दिवशी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी झाली. बाजारातला एकही टमाटा कढईत पडला नाही, त्यामुळं शेठचं नाव शाबूत राहिलं.

आणि सकाळी आंघोळ करून, पांढरंशुभ्र धोतर नेसून शेठ गादीवर बसले. हात फिरवून पाहिला. गादी तीच, खड्डाही तोच. समोर पाहतात तर गिऱ्हाइकांची रांग पार चौकापर्यंत.

सगळ्यात पुढं भुरीबाई होती. "शेटजी, मले तांदूळ द्या. भेदरंवाला."

"भेदरंवाला नाई वो बाई. तो एकच कट्टा होता."

"मंग साखरीच्या पोत्यात काय निघते?"

"साखर निघते."

"आन गव्हाच्या?"

तिच्यामागच्याला तुरीच्या डाळीत काय निघतं ते हवं होतं. त्याच्यामागं मेडशीहून जीप करून आलेले पाहुणे होते. कट्ट्यावर टमाटे फुकट, अशी शेठच्या दुकानात स्कीम निघाली आहे, हे त्यांच्या मोबाईलवर आलं होतं. शेठ एकेकाला पहिल्यापासून सांगत होते. ढेप, अळ्या, मौन, ऑटो. सांगून झालं की गिऱ्हाईक म्हणायचं, "ते ठीक हाय, पण आमच्या कट्ट्यात काय टाकलं?" पियूष आता कोणालाच काही सांगत नव्हता. तो फक्त गादीकडे बोट दाखवायचा आणि कॉम्प्युटरमागे लपून हसायचा.

असे दोन-तीन दिवस गेले. मग एका संध्याकाळी शेठ घरी आले, चपला काढल्या आणि तसेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. घसा बसला होता. आवाज फुटत नव्हता.

"प्रेमा," ते कसेबसे म्हणाले, "उद्यासाठी मले मौनाचा नेम दे."

प्रेमाबाईनं वळून पाहिलं. "पर्युषण तं संपलं."

"म्हणूनच म्हणतो," शेठ म्हणाले. "आता जमते तं महिनाभराचा दे."